फोटोची मागची बाजू

परवा एका ज्युनिअरने सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय कौटुंबिक फोटोंचा, म्हणजे माझ्या विषयाच्या अगदी शेजारचा. सोळा पानांत 'पंक्टम' हा शब्द एकोणीस वेळा आला होता. मोजत बसण्याइतकी मी रिकामटेकडी नाही, पण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हाच प्रकार होता, आणि तेव्हा गाइड मॅडमनी समासात "बरं, मग?" एवढंच लिहून तो परत केला होता. त्या "बरं, मग?"चं उत्तर सापडायला मला अडीच वर्षं लागली आणि मध्ये एक मोठी चूक करावी लागली. चुकीबद्दल पुढे सांगते.

आधी रोलाँ बार्थचं 'कॅमेरा ल्युसिडा'. हे पुस्तक वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाहीये. फोटोवर काम करणाऱ्याने ते वाचावंच, शक्यतो एका बैठकीत आणि नोट्स न काढता. पण घरातले जुने फोटो अभ्यासायची पद्धत म्हणून ते हातात घेतलंत, तर एका ठिकाणी ते आपल्याला आंधळं करतं. ते ठिकाण म्हणजे फोटोची मागची बाजू.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ फ्रेंच पुस्तक १९८० साली आलं. आपण बहुतेक जण वाचतो तो रिचर्ड हॉवर्ड यांचा १९८१ चा इंग्रजी अनुवाद. बार्थची आई १९७७ मध्ये गेली, आणि पुस्तक निघाल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च १९८० मध्ये, बार्थही गेला. पहिल्या भागात तो दोन शब्द देतो. फोटोतलं जे आपल्याला अभ्यासाने, संस्कृतीने, सर्वसाधारण कुतूहलाने कळतं ते 'स्टुडियम'. आणि जो एखादा बारीकसा तपशील उगाचच टोचतो, घर करून राहतो, तो 'पंक्टम'. परीक्षेला एवढं पुरतं. खरं पुस्तक दुसऱ्या भागात आहे. आई गेल्यावर बार्थ एका संध्याकाळी दिव्याखाली तिचे फोटो चाळत बसतो. एकाही फोटोत त्याला 'ती' सापडत नाही. शेवटी सापडते ती ज्या फोटोत अपेक्षा नव्हती त्या फोटोत: १८९८ साल, काचेच्या छताखालची बाग, लाकडी पुलाजवळ पाच वर्षांची मुलगी आणि तिचा सात वर्षांचा भाऊ. हा फोटो तो पुस्तकात छापत नाही. तुम्हाला तो कुठल्याही जुन्या फोटोसारखा वाटेल, जखम फक्त माझी आहे, असं त्याचं म्हणणं.

यावर शेकडो लोकांनी लिहिलंय. मला मात्र त्या वर्णनातली सुरुवात महत्त्वाची वाटते, आणि वर्गात ती कुणी वाचून दाखवत नाही. मुलीच्या चेहऱ्याकडे जायच्या आधी बार्थ सांगतो की फोटो जुना आहे, अल्बममध्ये चिकटवलेला असल्यामुळे त्याचे कोपरे बोथट झालेत, रंग उडालाय. म्हणजे त्याच्या हातात आधी एक वस्तू आली, आणि ती वस्तू कुठल्यातरी अल्बममधून निघालेली होती. कुणाच्या अल्बममधून? तो कुणी लावला? त्या पानावर शेजारी कोण होतं? फोटो बाहेर कुणी काढला, आणि मागे काही लिहिलेलं होतं का? यातलं काहीही बार्थ विचारत नाही. कोपऱ्यांवरून नजर उचलून तो सरळ चेहऱ्यात शिरतो आणि मग पुस्तकभर तिथेच राहतो.

त्याला ते परवडतं, कारण तो एकटा बघतोय. त्या खोलीत "अगं, ही ती नव्हेच, ही तिची मावसबहीण" असं म्हणणारं कुणी नाही.

आपल्याकडे फोटो असे बघितले जात नाहीत. अल्बम निघाला की चार डोकी जमतात. एक जण पान उलटतो, दुसरी त्याचा हात धरते, "थांब, मागं जा." बोटं फोटोवर टेकतात (आपण संशोधक मनातल्या मनात ओरडतो). कोण कुणाचा यावर वाद होतो. कुणाचं तरी नाव येतं आणि खोली जराशी गप्प होते. हा सगळा गोंधळ म्हणजेच तो फोटो. बार्थची चौकट लावली की यातलं फक्त मी आणि माझी टोच एवढंच शिल्लक राहतं, आणि नेमकं तेच लिहायला सोपं असतं. म्हणून तर एकोणीस वेळा येतं.

आता माझी चूक.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. थोरल्या आत्याकडे एक अल्बम होता, काळ्या जाड पानांचा, दोन पानांमध्ये बटर पेपर, फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तो उत्साहाने घेऊन आले, सगळे फोटो कोपऱ्यांतून सोडवले आणि फ्लॅटबेड स्कॅनरवर एकेक करून ६०० डीपीआयला स्कॅन केले. फक्त पुढून. मागे काय आहे ते काही फोटोंवर बघितलं, काहींवर नाही. दुप्पट वेळ लागतो ना. मग आत्याची पंचाहत्तरी आली. मी सगळ्यात चांगले पाच फोटो निवडून लॅमिनेशनला दिले, बोर्डवर चिकटवून, वरून चकचकीत. दुकानदाराने विचारलं होतं, "ओरिजिनलच चिकटवायचेत ना?" मी हो म्हणाले. प्रिंट काढून तिच्यावर काम करावं हे डोक्यातच आलं नाही. खरा फोटो दिला म्हणजे भेट खरी, असलं काहीतरी वाटलं असणार.

त्या पाचात एक ग्रुप फोटो होता. घरासमोर अकरा माणसं, मध्ये खुर्चीवर आजोबा-आजी, पुढे तीन पोरं मांडी घालून. आत्याने तो हातात घेतला, बघितला, आणि उलटा केला. मागे काळा बोर्ड. तिने बोर्डवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मागचं कुठं गेलं गं?"

मागे यादी होती. आजोबांच्या अक्षरात, जांभळ्या शाईत, सहा नावं. फोटोग्राफर कराडहून बोलावला होता, त्याच्याकडून सहा कॉप्या काढून घेतल्या होत्या, आणि कुणाकुणाला द्यायच्या ते आजोबांनी मागे लिहिलं होतं. कॉपी पोचली की नावापुढे खूण. चार नावांपुढे खूण होती, दोन नावांपुढे नव्हती. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत आजोबांना कॉपी गेलीच नाही, कारण त्याच सुमारास वाटणीवरून बोलणं बंद झालं. ते फोटोत आहेत, आजोबांच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. यादीत त्यांचं नाव आहे. खूण नाही.

या घरातलं भांडण मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं, पण ते कधी झालं हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मागची यादी सांगत होती की फोटो काढला तेव्हा सगळे एकत्र उभे राहू शकत होते आणि कॉप्या वाटायच्या वेळेपर्यंत ते संपलं होतं. माझ्या प्रबंधातल्या एका अख्ख्या प्रकरणाचा पुरावा मी पैसे देऊन गोंदाखाली पुरला होता.

तो बोर्ड सोडवता येईल का म्हणून चौकशी केली. चिकटवलेला फोटो ओढून काढायला गेलं की कागदाचे थर सुटतात आणि उरलंसुरलंही जातं. तसाच ठेवलाय.

हे झाल्यावर मी ॲनेट कुन यांचं 'फॅमिली सीक्रेट्स' (१९९५) पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्या वाचनात ते मला जरा घरगुती वाटलं होतं, 'थिअरी कमी आहे' अशी नोंदसुद्धा मी केली होती. आता लाज वाटते. कुन यांनी आपल्याच लहानपणीचा एक फोटो घेतलाय, हातावर पाळलेला पक्षी घेतलेली मुलगी. आणि त्या सरळ फोटोच्या मागे जातात. मागे लहान ॲनेटच्या अक्षरात लिहिलेली नोंद आहे, आणि आईने त्यातलं गावाचं नाव खोडून दुसरं लिहिलंय. हा फोटो कधीचा, कुठला, म्हणजे या मुलीची गोष्ट कोण सांगणार, याचं मायलेकीतलं भांडण फोटोच्या पाठीवर चाललंय. पुढून बघितलं तर काय, एक मुलगी आणि एक पक्षी. कुन यांना जे सापडलं ते दिव्याखाली चेहऱ्यात खोल बघून सापडलेलं नाही. फोटो उलटा करून सापडलंय. दोन्ही पुस्तकं आईबद्दलच आहेत, म्हणून शेजारी ठेवून वाचाच.

बार्थचा दुसरा एक मुद्दा आपल्याकडे आणताना तर फारच जपायला हवं. प्रत्येक फोटोत मृत्यू आधीच बसलेला असतो, जिवंत माणसाच्या फोटोतही, असं तो सुचवतो. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य फार शोभतं. पण आपल्या घरांत फोटो मेलेल्या माणसाचा होतो तो हाताने केल्यामुळे. माणूस गेलं की घाईघाईने 'मोठा फोटो' शोधतात. स्वतंत्र फोटो नसतोच, मग लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा कापून वाढवून घेतात. शेजारच्याचा खांदा पुसला जातो, कधी कधी आयुष्यात न घातलेला कोट अंगावर चढतो. मग फ्रेम, भिंत, चंदनाचा हार, काचेवर गंध किंवा कुंकू. तोच चेहरा ग्रुपमध्ये जिवंत आणि फ्रेममध्ये दिवंगत. हे घडवतात घरातली माणसं आणि नाक्यावरचा स्टुडिओवाला. ख्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका'मध्ये (१९९७) मध्य प्रदेशातल्या नागद्यात स्टुडिओवाले आणि गिऱ्हाईकं यांच्यात बसून काम केलं. तिथले लोक 'मी कसा आहे' यापेक्षा 'मी कसा असू शकेन' हे स्टुडिओकडून मागत होते, असं त्यांना दिसलं. अशा फोटोसमोर "खरी आई कुठाय?" हा बार्थचा प्रश्न घेऊन गेलं तर उत्तर मिळणार नाही, कारण फोटो त्या प्रश्नासाठी काढलेलाच नाही. कोट कुणी निवडला, हे विचारावं लागतं.

पिनींवर माझी एक तक्रार आहे ती उगाच लपवत नाही. स्टुडिओतून फोटो बाहेर पडल्यावर पुढे चाळीस वर्षं तो कपाटात, ट्रंकेत, देवघरामागे काय करतो, तो कुणाकडे जातो, मुलीला की सुनेला, हे मला वाचायला हवं होतं तेवढं तिथे नाही. पण सगळं एकाच पुस्तकाकडून का मागावं.

आता जतनाकडे येते, कारण तुमच्यापैकी अनेकांना 'डिजिटल अर्काइव्ह' करायचंय. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'. १९९१ च्या आधीचा एक कौटुंबिक फोटो, आणि खाली तो पाठवणाऱ्याने सांगितलेली त्याची गोष्ट. मी तिथे अनेक रात्री घालवल्यात आणि तुम्हीही घालवा. फोटो गोष्टीशिवाय घ्यायचाच नाही, हा त्यांचा निर्णय मला अजूनही फार मोठा वाटतो. पण हे मॉडेल आपल्या प्रबंधात जसंच्या तसं उतरवलं तर दोन गोष्टी निसटतात. एक तर अल्बममधून एकच फोटो उचलला जातो, आणि तोही ज्याची गोष्ट चांगली सांगता येते असा. माझ्याही हातून पाच 'सगळ्यात चांगले' असेच निवडले गेले होते. दुसरं म्हणजे गोष्ट एकाच्याच तोंडून येते आणि तयार होऊन येते. "ही ती नव्हेच" म्हणणारी मावशी कुठेतरी गळते. त्यांच्या वाचकासाठी ते ठीक आहे. आपल्याला ती मावशीच हवी असते.

आणि ज्यांच्याकडे अल्बमच नव्हता त्यांचं काय? गावात फोटोग्राफर कुणाच्या दारात यायचा हे काही सगळ्यांना सारखं नव्हतं. आमच्या गावात मी दहा-बारा घरांत फिरले. काही घरांत सर्वांत जुना फोटो म्हणजे गिरणीच्या पासावरचा, सुपारीएवढा. दोन घरांत तोही नाही. सुरुवातीला मी अशा घरांपुढे 'डेटा नाही' लिहून पुढे गेले होते. मॅडमनी पुन्हा तेच समासात: "बरं, मग?" नंतर परत जाऊन विचारलं की फोटो नसताना आजोबा कसे दिसायचे ते पोरांना कसं सांगता. त्यावर जे मिळालं त्याची वेगळी पोस्ट होईल.

तर माझं आत्ताचं काम असं चालतं. अल्बम हातात आला की एकही फोटो न काढता आधी प्रत्येक पानाचा सबंध फोटो घेते, रिकामी जागा आणि सुटे कोपरे यांच्यासकट. रिकामे कोपरे फार बोलतात. मग फोटो सुटत असेल तरच सोडवते, आणि स्कॅन पुढून-मागून दोन्ही, टिफमध्ये. फाइलच्या नावात अल्बम, पान, जागा आणि पुढची की मागची बाजू. मागे क्रमांक टाकायचाच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. ऐंशीच्या दशकातले ते पारदर्शक प्लॅस्टिक उचलून चिकट पानावर फोटो ठेवायचे अल्बम सगळ्यात त्रासदायक. गोंद पिवळा पडतो आणि फोटो पानाला धरून बसतो, ओढला तर फाटतो. तिथे पानासकट स्कॅन करते. काचेला चिकटलेल्या फ्रेममधल्या फोटोचंही तसंच, काचेवरूनच घ्यायचा. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतील, त्यांतला निळसर रंग अंधारातही उडत जातो, तेव्हा आधी त्यांचा नंबर लावा. कृष्णधवल बिचारे थांबतात. फक्त पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून कपाट नको. कसर आणि बुरशी यांना तुमच्या संशोधनाची कदर नसते.

स्कॅन सोपा भाग आहे. आवाज आधी घ्या. फोटो ज्याच्या घरचा आहे त्याच्यासमोर अल्बम उघडायचा, रेकॉर्डिंग चालू ठेवायचं (विचारून), आणि आपण गप्प बसायचं. तारीख विचारू नका, कुणाला तारखा आठवत नसतात. "भूकंपाच्या आधीचा की नंतरचा?" विचारा. आमच्या त्या ग्रुप फोटोचं साल असंच लागलं. आत्या म्हणाली, "आधीचा, बघ की, मागं कौलं हायेत." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यानंतर घर पडलं आणि उभं राहिलं ते पत्र्याचं. तुमच्याकडे पानशेत असेल, बहात्तरचा दुष्काळ असेल, गिरण्यांचा संप असेल. माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलला विचाराल तर ती तारीख सांगेल २०२१.

आणि दोन माणसं दोन वेगळी नावं सांगत असतील तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं त्यासकट. निकाल लावायची घाई नको. फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो, म्हणून जतनासाठी व्हॉट्सॲप निरुपयोगी, पण खाली जे चाळीस मेसेज येतात ते जपून ठेवा. मात्र टाकायच्या आधी विचारा. फोटो कुणा एकाचा नसतो. बार्थला परवानगी मागायची गरज पडली नाही, त्याला मूलबाळ नव्हतं. हे तो स्वतःच लिहितो: आईवडील एकत्र असलेला फोटो समोर धरून तो म्हणतो, मी गेल्यावर हा कुणीतरी टाकून देईल आणि त्यांचं प्रेम होतं याला साक्षीदार उरणार नाही. सगळ्या पुस्तकात मला हाच परिच्छेद सर्वांत जास्त छळतो. आणि तरीही मनात येतं, अरे, मागे दोन नावं तरी लिहून ठेवायचीस.

त्या यादीचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. पंचाहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि रेकॉर्ड केलं. सहापैकी पाच नावं तिने क्रमाने सांगितली, खुणांसकट. खूण नसलेल्यांपैकी एक चुलत आजोबा. दुसऱ्या नावाशी ती थांबली. एका बाईचं नाव होतं एवढंच म्हणाली. मी थोड्या वेळाने परत विचारलं. "ते ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आरएसीमध्ये एका सरांनी विचारलं, ही यादी होती याला पुरावा काय? बरोबर प्रश्न आहे. प्रबंधात मी तिथे असं लिहिलंय: फोटोची मागची बाजू उपलब्ध नाही, ती संशोधिकेच्या चुकीमुळे नष्ट झाली. यादीचा मजकूर आत्याच्या कथनावरून. सहावं नाव सांगितलेलं नाही. सरांनी वाचून मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळीत गावी जाणार आहे. चुलत आजोबांच्या नातवाने त्याच्याकडची ट्रंक बघू द्यायचं कबूल केलंय.